ख्रिस्ती जीवनातील मौन : स्वीकारलेले आणि लादलेले – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय मनाला मौन ही संकल्पना परकी नाही. 'मौन' हा शब्दच मुळी 'मुनी' या शब्दापासून सिद्ध झालेला आहे. ख्रिस्ती धर्माकडे मात्र आपण बहुधा 'शब्दाचा धर्म' म्हणून पाहत आलो आहोत. त्याला कारणही तसेच आहे. इ. स. 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत सुरू झाले आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. प्रवचन, भाषांतर, छपाई, शाळा आणि वादविवाद या मार्गांनी हा धर्म महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला. योहानकृत शुभवर्तमानाचा प्रारंभही शब्दाच्या महात्म्यानेच होतो. त्यामुळे याच धर्माच्या पोटात मौनाची सुमारे सतराशे वर्षांची अखंड परंपरा नांदत आली आहे, याकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

या परंपरेविषयी जे थोडेफार लिहिले जाते त्यात मौनाचा गौरव असतो, परंतु इतिहास नसतो. मौन हे सर्वकाळ एकसारखे आणि सर्वकाळ कल्याणकारी होते, असे त्यातून सूचित होते. वस्तुस्थिती तशी नाही. ज्या मौनाने वाळवंटातील तपस्व्यास अंतर्मुख केले, त्याच मौनाच्या नावाखाली एकोणिसाव्या शतकात हजारो कैदी एकाकी कोठड्यांत डांबले गेले. एकच मूल्य दोन टोकांच्या परिणामांस कसे पोहोचले, या प्रश्नाचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

1. ख्रिस्ती मठजीवनात मौनास प्राप्त झालेल्या आध्यात्मिक मूल्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
2. मौनाच्या मर्यादांविषयी खुद्द ख्रिस्ती परंपरेत झालेल्या वादांचा आढावा घेणे.
3. स्वेच्छेने स्वीकारलेले मौन आणि सत्तेने लादलेले मौन यांतील भेद ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे तपासणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचा भर पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेवर आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये, विशेषतः अॅथॉस पर्वतावरील मठांत, विकसित झालेली 'हेसिखिया' म्हणजे अंतःशांतीची साधना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही. ख्रिस्ती मौनाचे मूल्य ते 'ऐकण्यासाठी' पाळले जात होते तोवरच टिकले, असे गृहीतक या अभ्यासामागे आहे.

1. वाळवंटातील मौन : आरंभ

पवित्र शास्त्रात मौनाचे स्वतंत्र तत्त्वज्ञान सांगितलेले नाही, परंतु मौनाचे अर्थपूर्ण प्रसंग आहेत. होरेब पर्वतावर संदेष्टा एलीया यास परमेश्वराचा साक्षात्कार वादळात, भूकंपात किंवा अग्नीत झाला नाही. तो त्यानंतरच्या अतिशय मंद अशा ध्वनीत झाला. येशू ख्रिस्त प्रार्थनेसाठी एकांतस्थळी जात असे आणि हेरोदाने केलेल्या प्रश्नांना त्याने काहीही उत्तर दिले नाही. या प्रसंगांचे साधनेत रूपांतर होण्यास मात्र चौथे शतक उजाडावे लागले.

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्मास इ. स. 313 नंतर राजमान्यता मिळाली. हौतात्म्याचा काळ संपला आणि धर्मात प्रतिष्ठा व सुखवस्तूपणा शिरू लागला. अशा काळात इजिप्तमधील अनेक स्त्री-पुरुषांनी वाळवंटाचा मार्ग धरला. संत अँथनी (सुमारे 251–356) हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध तपस्वी होय. एका ओसाड गढीत त्याने सुमारे वीस वर्षे एकांतात काढली. त्याचे चरित्र अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने लिहिले आणि त्यामुळे ही जीवनपद्धती पश्चिमेकडे पोहोचली. नित्रिया, केल्लिया आणि स्केतिस ही या तपस्व्यांची प्रमुख केंद्रे होती.

या तपस्व्यांच्या आख्यायिका पुढे पाचव्या-सहाव्या शतकांत संग्रहित झाल्या. आगाथोन नावाच्या तपस्व्याने मौन अंगवळणी पडेपर्यंत तीन वर्षे तोंडात खडा धरला होता, अशी एक कथा त्यांत येते. बाह्य शिस्तीचा असा टोकाचा आग्रह तेथे दिसतो, परंतु त्याच संग्रहात त्या आग्रहास मुरड घालणाऱ्या कथाही आहेत. पोएमेन या तपस्व्याच्या मते, जो तोंडाने गप्प राहतो परंतु मनात दुसऱ्यास दोष देतो, तो वस्तुतः अखंड बडबडच करीत असतो. उलट दिवसभर बोलूनही हिताचेच बोलणारा मनुष्य मौनी असतो. म्हणजे मौन जिभेचे की मनाचे, हा प्रश्न या परंपरेने आरंभीच उपस्थित केला होता.

आर्सेनियस आणि मोशे यांची कथा या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. आर्सेनियस हा, परंपरेनुसार, सम्राटाच्या दरबारातील शिक्षक होता. त्याने ऐश्वर्य सोडून कडक मौन स्वीकारले होते. मोशे हा पूर्वाश्रमीचा दरोडेखोर असून मोकळ्या मनाचा व अतिथिप्रिय होता. दुरून आलेल्या एका पाहुण्याशी आर्सेनियस एक शब्दही बोलला नाही. मोशेने मात्र त्याचे आनंदाने स्वागत केले. देवासाठी एक जण माणसांपासून दूर पळतो आणि देवासाठीच दुसरा माणसांना जवळ करतो, याचा अर्थ काय, असा प्रश्न एका वृद्ध तपस्व्याने प्रार्थनेत विचारला. तेव्हा त्याला दृष्टांतात नदीवर दोन नावा दिसल्या. एकीत आर्सेनियस पवित्र आत्म्यासह निःशब्द चालला होता. दुसरीत मोशे देवदूतांसह मधाचे पदार्थ खात बसला होता. कथेने दोघांत डावे-उजवे केलेले नाही. मौन हा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही, ही जाणीव त्यामागे आहे.

2. बेनेडिक्टची नियमावली : मौन आणि श्रवण

संत बेनेडिक्ट (सुमारे 480–547) याने इटलीतील मॉन्टे कॅसिनो येथील मठासाठी सिद्ध केलेली नियमावली 73 प्रकरणांची आहे. पाश्चात्त्य मठजीवनाचा पाया या लहानशा ग्रंथाने घातला. हा ग्रंथ ऐकण्याच्या आवाहनाने सुरू होतो, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. बोलणे हे गुरूचे काम आणि ऐकणे हे शिष्याचे, या भूमिकेतून सहाव्या प्रकरणात मौनाचा विचार येतो. तेथे बेनेडिक्टने योजलेला लॅटिन शब्द केवळ निःशब्दता सुचवीत नाही. बोलण्यातील संयम, मितभाषण असा त्याचा आशय आहे. रात्रीच्या अखेरच्या प्रार्थनेनंतर कोणीही बोलू नये, भोजनसमयी एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, काही हवे असल्यास खुणेने मागावे, असे तपशीलवार नियम पुढील प्रकरणांत आढळतात.

तथापि मौनाचे नियम जेवढे काटेकोर आहेत, तेवढीच त्यांची अपवादस्थळेही बोलकी आहेत. मठात महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा असेल तर मठाधिपतीने सर्वांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे, कारण अनेकदा देव वयाने लहान असलेल्यासही योग्य गोष्ट सुचवितो, असे तिसऱ्या प्रकरणात सांगितले आहे. मठाच्या कोठारप्रमुखाजवळ मागणाऱ्यास देण्याजोगे काही नसेल, तर त्याने निदान चांगला शब्द तरी द्यावा, असा आदेश 31 व्या प्रकरणात आहे. 66 व्या प्रकरणानुसार द्वारपालाची खोली दाराजवळच असावी आणि कोणी दार ठोठावले किंवा गरिबाने हाक मारली, की त्याने तत्काळ उत्तर द्यावे.

या तीन स्थळांचा एकत्रित विचार केल्यास बेनेडिक्टच्या मौनाची चौकट स्पष्ट होते. कनिष्ठांचे म्हणणे, गरजवंताची अपेक्षा आणि दारावरची हाक या तीन प्रसंगी मौन बाजूस सारावयाचे असते. मौन दुसऱ्याचा आवाज ऐकू यावा म्हणून आहे, तो बंद व्हावा म्हणून नाही. बेनेडिक्टपंथीय साधक स्थिरवास, जीवनपरिवर्तन आणि आज्ञापालन यांची शपथ घेतात. मौनाची वेगळी शपथ त्यांत नाही. ख्रिस्ती मठवासी 'मौनाची शपथ' घेतात, ही समजूत सर्वत्र रूढ आहे, परंतु या परंपरेपुरती ती चुकीची ठरते.

3. खुणांची भाषा आणि एकांताची वास्तू

दहाव्या शतकापासून मौनाच्या नियमांस नवी कठोरता आली. इ. स. 910 मध्ये फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या क्लूनी मठात प्रार्थनामंदिर, भोजनगृह, शयनगृह व स्वयंपाकघर या ठिकाणी बोलण्यास मनाई होती. मौन पाळणारा साधू देवदूतांच्या जीवनाचा पूर्वानुभव घेतो, अशी त्यामागे धारणा होती. रोजच्या व्यवहारासाठी मग खुणांची भाषा तयार झाली. अकराव्या शतकात क्लूनी येथे नोंदविलेल्या यादीत सुमारे 118 खुणा आहेत, तर इंग्लंडमधील कॅन्टरबरीच्या परंपरेतील यादीत 127. दोन्ही हातांचे अंगठे व तर्जनी जोडून केलेले वर्तुळ म्हणजे पाव, पाण्यात माशाचे शेपूट हलावे तसा हलविलेला हात म्हणजे मासा आणि पान उलटल्यासारखी हालचाल म्हणजे ग्रंथ. ख्रिस्तेतर लेखकाचा ग्रंथ हवा असल्यास ग्रंथाची खूण करून नंतर कुत्र्याप्रमाणे कान खाजवावयाचा, अशीही सूचना त्यात होती.

या शेवटच्या खुणेतून त्या काळच्या मठांतील पूर्वग्रह जसे दिसतात, तसेच ख्रिस्तेतर ग्रंथ तेथे वाचले जात होते हेही दिसते. परंतु खुणांच्या या सुविधेने एक नवा प्रश्न निर्माण केला. जेराल्ड ऑफ वेल्स हा लेखक सुमारे 1180 मध्ये कॅन्टरबरी येथील मठात भोजनास होता. तेथील साधू हातवारे आणि शिट्ट्या यांनी इतका संवाद साधत होते, की आपण नाटकाच्या प्रयोगास बसलो आहोत की काय असे त्यास वाटले. सभ्य शब्दांत बोललेले यापेक्षा बरे, असा त्याचा अभिप्राय होता. नियम पाळला जात होता, परंतु त्याचा हेतू हरवला होता. पोएमेनने आठशे वर्षांपूर्वी दिलेला इशारा येथे प्रत्ययास येतो.

याच काळात दुसरा प्रयोग सुरू झाला. ब्रूनो (सुमारे 1030–1101) हा रैंस येथील ख्यातनाम अध्यापक. इ. स. 1084 मध्ये सहा सोबत्यांसह तो ग्रेनोबलजवळील शार्त्रूझ पर्वतराजीत जाऊन राहिला आणि त्यातून कार्थुसियन पंथाचा उदय झाला. या पंथाचे आचारनियम पाचवा प्रमुख गीगो याने सुमारे 1127 मध्ये शब्दबद्ध केले. प्रत्येक साधूस स्वतंत्र छोटे घर, त्यास लागून बाग आणि जेवण आत ठेवण्यासाठी भिंतीत एक झरोका, अशी ही वास्तुरचना होती. तोंडाने उपदेश करता येत नाही म्हणून हातांनी करावा, या भावनेने गीगोने ग्रंथांच्या नकला करण्याच्या कामास विशेष महत्त्व दिले. सामुदायिक उपासना रोज होत असे आणि पुढे आठवड्यातून एकदा एकत्र फिरावयास जाऊन मनमोकळे बोलण्याची प्रथाही रुजली. म्हणजे सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या पंथानेही संवादासाठी जागा राखून ठेवली होती.

या मठाविषयी आजही किती कुतूहल आहे याचे एक उदाहरण येथे नमूद करावेसे वाटते. जर्मन दिग्दर्शक फिलिप ग्रोनिंग यांनी 1984 मध्ये येथे चित्रीकरणाची परवानगी मागितली. ती त्यांना सुमारे सोळा वर्षांनी मिळाली. निवेदनाविना, कृत्रिम प्रकाशाविना केलेला हा दीर्घ चित्रपट 2005 मध्ये प्रदर्शित झाला आणि युरोपातील प्रेक्षकांनी त्यास मोठा प्रतिसाद दिला.

4. रान्से आणि माबीयाँ : मौन विरुद्ध विद्या

मौन आणि ज्ञान यांचे नाते काय, हा प्रश्न सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये तीव्रतेने पुढे आला. अध्यापनक्षेत्रातील वाचकांस हा वाद विशेष जिव्हाळ्याचा वाटेल. आर्मां-जाँ द रान्से (1626–1700) हा उच्चकुलीन धर्माधिकारी. विलासी जीवनाचा त्याग करून 1664 पासून त्याने नॉर्मंडीतील ला ट्रॅप या मठाची सुधारणा हाती घेतली. पुढील काळातील 'ट्रॅपिस्ट' हे नाव या मठावरून आले. त्याने कठोर मौन, शारीरिक श्रम आणि प्रायश्चित्त यांवर भर दिला. 1683 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने अशी भूमिका मांडली, की साधूचे काम रडणे व प्रार्थना करणे हे आहे, विद्याभ्यास हे नव्हे. विद्येने अहंकार वाढतो, वाद होतात आणि मौन भंगते, असे त्याचे म्हणणे होते.

या भूमिकेस उत्तर दिले ते जाँ माबीयाँ (1632–1707) याने. इतिहासाच्या अभ्यासकांस माबीयाँचे नाव अपरिचित नाही. 1681 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाने जुन्या दस्तऐवजांची सत्यासत्यता पारखण्याच्या शास्त्राचा पाया घातला. पॅरिसमधील बेनेडिक्टपंथीय मठात राहणाऱ्या माबीयाँने 1691 मध्ये मठीय अध्ययनावर ग्रंथ लिहून दाखवून दिले, की मठांत वाचन आणि लेखन आरंभापासून चालत आले आहे. सत्याचा शोध हीदेखील उपासना असू शकते. 1692 मध्ये रान्सेने प्रत्युत्तर दिले. तथापि 1693 मध्ये माबीयाँ स्वतः ला ट्रॅप येथे गेला आणि दोघांची भेट सलोख्याची झाली.

हा वाद केवळ दोन विद्वानांचा नव्हता. मौन हे अज्ञानाचे आश्रयस्थान ठरणार की चिंतनाची पूर्वअट, हा त्यातील खरा प्रश्न होता. माबीयाँने मौन नाकारले नाही. ग्रंथालयातील शांततेतच त्याचे आयुष्य गेले. परंतु मौनाच्या नावाने प्रश्न विचारणे थांबविण्यास त्याचा विरोध होता.

याच माबीयाँने मठांतर्गत तुरुंगांविषयी एक छोटा निबंध लिहिला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर 1724 मध्ये प्रकाशित झाला. अपराधी साधूंना अंधाऱ्या कोठड्यांत एकाकी ठेवण्याची क्रूर प्रथा काही मठांत होती. ती ख्रिस्ती करुणेशी विसंगत आहे, असे त्याने परखडपणे लिहिले. चौदाव्या शतकात अशा कोठड्यांविषयी फ्रान्सच्या राजाकडे तक्रार गेली होती आणि या बंदिवानांची महिन्यातून दोनदा विचारपूस व्हावी, असा हुकूम राजास काढावा लागला होता, याचीही त्याने आठवण दिली. त्याऐवजी कार्थुसियन घरांसारख्या, काम आणि बाग यांची सोय असलेल्या खोल्या असाव्यात, असे त्याने सुचविले. ज्या धर्मसंस्थेने स्वेच्छेच्या मौनाचा गौरव केला तीच सक्तीच्या मौनाचा शिक्षा म्हणून वापर करीत होती, हे एका साधूनेच अशा प्रकारे नोंदविले आहे.

5. क्वेकर सभा आणि एकाकी कोठडी

मठव्यवस्था नाकारणाऱ्या प्रॉटेस्टंट परंपरेतही मौनास स्थान मिळाले. इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (1624–1691) याच्या प्रेरणेने सतराव्या शतकाच्या मध्यास क्वेकर पंथ उदयास आला. या पंथाच्या सभेत पारंपरिक अर्थाने धर्मगुरू नाही, वेदी नाही, ठरलेला प्रार्थनाक्रम नाही. सर्वजण एकत्र शांत बसतात आणि ज्याला अंतःप्रेरणा होईल तो उठून बोलतो. स्त्रियांनाही बोलण्याचा समान अधिकार होता. सतराव्या शतकाच्या संदर्भात ही बाब क्रांतिकारक म्हणावी लागेल. येथे मौनाने उच्चनीचता पुसून टाकली. मठातील मौन ऐकण्यासाठी होते, तर क्वेकर सभेतील मौन कोणासही बोलता यावे यासाठी होते. गुलामगिरीविरोधी चळवळीत या पंथाने पुढे बजावलेली भूमिका सर्वश्रुत आहे.

परंतु याच परंपरेच्या छायेत एक दुःखद प्रयोग घडला. फिलाडेल्फियात 1787 मध्ये तुरुंगसुधारणेसाठी एक संस्था स्थापन झाली. तिचे अध्यक्षपद एपिस्कोपल चर्चचे विल्यम व्हाइट यांच्याकडे असले, तरी सदस्यांत क्वेकरांचे प्रमाण लक्षणीय होते. फटके, फाशी आणि गर्दीने भरलेले गलिच्छ तुरुंग यांना मानवी पर्याय शोधणे हा तिचा हेतू होता. एकांत, मौन, काम आणि पवित्र शास्त्राचे वाचन यांनी अपराध्याच्या मनात पश्चात्ताप जागा होईल, अशी या सुधारकांची प्रामाणिक श्रद्धा होती. 1790 मध्ये वॉलनट स्ट्रीट तुरुंगात अशा 16 एकांत कोठड्या बांधण्यात आल्या आणि 1829 मध्ये ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी हा प्रचंड तुरुंग सुरू झाला. 'पेनिटेन्शरी' हा शब्दच पश्चात्तापाच्या ख्रिस्ती कल्पनेतून आला आहे. प्रत्येक कैद्यास स्वतंत्र कोठडी, वरून येणारा प्रकाश, लगतचे छोटे अंगण आणि जेवणासाठी झरोका अशी तेथील रचना पाहता कार्थुसियन साधूच्या घराची आठवण झाल्याविना राहत नाही. कैद्यास कोठडीबाहेर नेताना त्याचा चेहरा झाकला जाई, जेणेकरून कोणी कोणास ओळखू नये.

लंडनमध्ये 1842 साली सुरू झालेल्या पेंटनव्हिल तुरुंगाने हीच पद्धत उचलली. तेथील प्रार्थनामंदिरातही कैद्यांना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून स्वतंत्र कप्पे होते. ज्या धर्माने उपासनेस सामुदायिक मानले, त्याच्या उपासनास्थळी शेजारी बसलेल्या माणसाचे मुख दिसू नये याची व्यवस्था करण्यात आली, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे. 1842 मध्येच चार्ल्स डिकन्स यांनी फिलाडेल्फियाचा तुरुंग पाहिला आणि 'अमेरिकन नोट्स' या पुस्तकात त्यावर कठोर टीका केली. सुधारकांचा हेतू दयाळू असल्याचे त्यांनी मान्य केले. परंतु मनावर होणारे हे अत्याचार शरीरावरील कोणत्याही छळाहून भयंकर आहेत, असे त्यांचे मत झाले. पेनसिल्व्हेनियात ही पद्धत अधिकृतपणे 1913 मध्ये रद्द झाली.

मराठी वाचकास हा इतिहास दूरचा वाटण्याचे कारण नाही. 1896 ते 1906 या काळात अंदमानात ब्रिटिशांनी उभारलेला सेल्युलर जेल याच विभक्त कोठड्यांच्या तत्त्वावर आधारलेला होता. मध्यवर्ती मनोऱ्याभोवती सात इमारती आणि प्रत्येक कैद्यास स्वतंत्र कोठडी अशी त्याची रचना होती. तेथे आता पश्चात्तापाची भाषाही उरली नव्हती. राजकीय बंद्यांना एकमेकांपासून तोडणे एवढाच हेतू शिल्लक राहिला होता. 1911 मध्ये तेथे नेण्यात आलेल्या वि. दा. सावरकर यांच्या 'माझी जन्मठेप' या ग्रंथामुळे तेथील जीवन महाराष्ट्रास ज्ञात आहे.

साधूची खोली आणि कैद्याची कोठडी यांत बाह्यतः फारसा फरक नव्हता. साधूने आत जाण्याचा निर्णय स्वतः घेतला होता, ठरावीक वेळी त्यास आपल्या बांधवांचे मुख दिसत होते आणि त्याच्या मौनाचा श्रोता, त्याच्या श्रद्धेनुसार, देव होता. कैद्याच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट खरी नव्हती.

6. मारियनहिल, सेवाग्राम आणि पुणे

ख्रिस्ती मौनाचा भारताशी आलेला एक महत्त्वाचा संबंध दक्षिण आफ्रिकेमार्गे आहे. फ्रान्झ फॅनर याच्या नेतृत्वाखाली 1882 मध्ये डर्बनजवळ मारियनहिल हा ट्रॅपिस्ट मठ स्थापन झाला. तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी यांनी या मठास भेट दिली आणि तेथील शाकाहार, हस्तव्यवसाय, मौन व स्थानिक लोकांशी समतेची वागणूक यांचे वर्णन करणारा लेख मे 1895 मध्ये लंडनच्या 'व्हेजिटेरियन' या पत्रात लिहिला. 1910 मध्ये टॉलस्टॉय फार्म सुरू झाल्यानंतर त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख चपला बनविण्याची कला शिकण्यासाठी मारियनहिल येथेच गेले होते.

या भेटीची आठवण गांधीजींनी 1938 मध्ये, म्हणजे त्यांचे वास्तव्य वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे असताना, 'हरिजन'मध्ये पुन्हा सांगितली. मौनाचे कारण विचारले असता मठातील प्रमुखाने त्यांना असे सांगितले होते, की आपण दुबळी माणसे आहोत, काय बोलतो याचे भान आपल्याला पुष्कळदा नसते आणि अंतरीचा तो क्षीण स्वर ऐकावयाचा असेल तर सतत बोलत राहून तो ऐकू येणार नाही. एलीयाच्या कथेपासून बेनेडिक्टपर्यंत आलेले श्रवणाचे सूत्रच येथे पुन्हा भेटते. गांधीजींच्या सोमवारच्या मौनाची मुळे प्रामुख्याने भारतीय व्रतपरंपरेत आहेत हे निर्विवाद. तथापि त्या मौनाचा अर्थ सांगताना त्यांनी एका ख्रिस्ती मठाचा ऋणनिर्देश केला, ही बाब सांस्कृतिक इतिहासाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

मारियनहिलची पुढील वाटचालही तितकीच बोधप्रद आहे. शाळा, शेती, वसतिगृहे आणि धर्मप्रसार यांचा व्याप वाढला तसा कडक मौन व बंदिस्त जीवन यांच्याशी त्याचा मेळ बसेना. अखेरीस 1909 मध्ये पोपच्या संमतीने हा मठ ट्रॅपिस्ट पंथापासून वेगळा झाला आणि स्वतंत्र मिशनरी संघ म्हणून कार्य करू लागला. दारावरची हाक इतकी मोठी झाली, की मौनास मागे सरावे लागले. बेनेडिक्टच्या द्वारपालाचे कर्तव्यच येथे एका संपूर्ण मठाने स्वीकारले, असे म्हणता येईल.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण अँथनी डिमेलो (1931–1987) या मुंबईत जन्मलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंचे आहे. इग्नेशियस लोयोला यांच्या तीस दिवसांच्या मौनसाधनेची परंपरा त्यांच्या पाठीशी होती. तिला त्यांनी श्वासाकडे व शरीराच्या संवेदनांकडे लक्ष देण्याच्या पौर्वात्य पद्धतींची जोड दिली. पुणे येथे त्यांनी सुरू केलेली 'साधना' ही संस्था पुढे लोणावळ्यास गेली. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'साधना' या पुस्तकातील पहिलाच पाठ मौनाच्या समृद्धीविषयी आहे. त्यांच्या काही विचारांविषयी व्हॅटिकनने 1998 मध्ये सावधगिरीचा इशारा दिला. तरीही ध्यानमार्गदर्शक म्हणून त्यांचे वाचक जगभर आहेत.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

1. ख्रिस्ती परंपरेत मौन हे स्वतः साध्य नसून श्रवणाचे साधन आहे. देवाचा, बांधवांचा आणि दारावरील गरजवंताचा आवाज ऐकू येणे ही त्याची कसोटी होय.

2. मौनाच्या अतिरेकावर टीका करण्याचे कार्य बाहेरच्या टीकाकारांइतकेच परंपरेतील साधकांनीही केले. पोएमेन व माबीयाँ ही त्याची उदाहरणे आहेत.

3. स्वेच्छा, सहवास आणि करुणा या तीन आधारांवर मौनाचे मूल्य उभे असते. हे आधार काढून घेतल्यास तेच मौन शिक्षेचे हत्यार बनते. फिलाडेल्फियाच्या सुधारकांचा हेतू शुद्ध होता, परंतु हेतूच्या शुद्धतेने लादलेल्या मौनाची हानी टळली नाही.

4. लादलेले मौन दुर्बलांचा आवाज दाबते. धर्मगुरूंकडून झालेल्या बाललैंगिक शोषणाची प्रकरणे दीर्घकाळ गोपनीयतेच्या आड दडपली गेली. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अशा प्रकरणांपुरता 'पोपकीय गोपनीयते'चा नियम काढून टाकला. मौनाची पवित्रता आणि मौनाची सक्ती यांतील फरक चर्चलाही मोठी किंमत मोजून शिकावा लागला, असेच यावरून म्हणावे लागेल.

समारोप

मौनाच्या या इतिहासाचा संबंध केवळ मठांशी किंवा तुरुंगांशी नाही. अध्यापन करणाऱ्या प्रत्येकास दोन प्रकारची शांतता परिचित असते. एक भीतीने पसरलेली आणि दुसरी विषयात मन गुंतल्याने आपोआप निर्माण झालेली. दाराबाहेरून ऐकणाऱ्यास दोन्ही सारख्याच वाटतात. पहिल्या शांततेत विद्यार्थी प्रश्न विचारीत नाही आणि दुसऱ्या शांततेत प्रश्न तयार होत असतो. बेनेडिक्टने वयाने सर्वांत लहान असलेल्याचेही ऐकावे असे मठाधिपतीस सांगितले, त्यास आता सुमारे दीड हजार वर्षे होत आली. आपल्या संस्थांतील शांतता कोणत्या प्रकारची आहे, हे तपासून पाहण्यासाठी तो दंडक आजही पुरेसा उपयुक्त आहे.